अ‍ॅडजस्टेबल डंबेल किती वर्षं टिकतात? घेण्याआधी लॉक समजून घ्या

घरच्या व्यायामासाठी अ‍ॅडजस्टेबल डंबेल घ्यायचं ठरलं की आपण सगळ्यात आधी दोन गोष्टी बघतो: किंमत आणि किलो. २० किलोचा सेट बरा की २४ किलोचा, डायलवाला घ्यावा की साधा नटवाला, ऑफर कधी लागते. हे सगळं बघायला हवंच. पण ही वस्तू आपण वर्षभरासाठी घेत नाही, निदान पाच-सात वर्षं वापरायची म्हणून घेतो. आणि तेवढ्या काळात तिचं काय होतं, याबद्दल रिव्ह्यूमध्ये फारच कमी सापडतं, कारण बहुतेक रिव्ह्यू बॉक्स उघडल्यापासून आठवड्याभरात लिहिलेले असतात.

मी गेली काही वर्षं घरीच व्यायाम करतो आणि या काळात नटवाले, डायलवाले आणि पिनवाले असे तिन्ही प्रकार हाताळले आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. लोखंडाची प्लेट म्हातारी होत नाही. झिजतं ते लॉक, म्हणजे प्लेटला दांड्याशी धरून ठेवणारा भाग. तो नट असेल, पिन असेल किंवा डायलच्या आतली चकती असेल. डंबेलचं आयुष्य म्हणजे या भागाचं आयुष्य. आणि हा भाग दगा देतो तेव्हा नुसते पैसे जात नाहीत, वजन अंगावर पडतं. म्हणून या लेखात आपण लॉक कसं चालतं, ते कशाने झिजतं आणि मोबाइल वापरून ते घरच्या घरी कसं तपासायचं, हे क्रमाने पाहू.

वर्षाला किती वापर होतो?

आधी साधा हिशोब करूया. समजा तुम्ही आठवड्यातून ४ दिवस व्यायाम करता, दर दिवशी डंबेलचे १२ सेट, दर सेटला १० रेप. आठवड्याला ४८० रेप झाले. वर्षाला ते जवळपास २५,००० होतात. प्रत्येक रेपमध्ये वर आणि खाली अशा दोन ठिकाणी डंबेलची दिशा बदलते आणि प्रत्येक वेळी प्लेट लॉकला हलकासा गचका देते.

आता वजन बदलणं. एका दिवशी ८ वेळा वजन बदललंत, तर वर्षाला सुमारे १,६६० वेळा लॉक उघडलं आणि लावलं गेलं. पाच वर्षांत हा आकडा ८,३०० च्या वर जातो. धातूचा जाड भाग असेल तर त्याला एवढं काहीच वाटत नाही. पण प्लॅस्टिकची बारीक खाच असेल तर हा वापर मोठा आहे. म्हणून “वजन पटकन बदलतं का” या प्रश्नासोबत “वजन बदलताना नेमका कोणता भाग घासतो” हा प्रश्नही विचारायला हवा.

लॉकचे चार मुख्य प्रकार

१. स्पिन-लॉक (नटवाला)

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. लोखंडी रॉड, त्याच्या दोन्ही टोकांना आटे, प्लेट सरकवायच्या आणि चांदणीच्या आकाराचा नट फिरवून घट्ट करायचा. नटच्या आतल्या बाजूला रबरी वॉशर असतो. तो प्लेटवर दाबला जातो आणि त्या घर्षणामुळे नट आपोआप फिरत नाही.

झिजतं काय? सगळ्यात आधी रबरी वॉशर. तो दोन-तीन वर्षांत कडक होतो, चिरतो किंवा निसटून हरवतो. वॉशर गेला की नट कितीही आवळा, दहा-बारा रेपनंतर सैल होतोच. त्यानंतर नंबर लागतो आट्यांचा. त्यांत धूळ आणि गंज बसला की नट पूर्ण आत जात नाही, पण हाताला मात्र घट्ट झाल्यासारखा वाटतो.

या प्रकाराची मोठी जमेची बाजू म्हणजे तो आधी सांगतो. नट सैल झाला की प्लेट खडखड वाजते. आणि दुरुस्ती सोपी आहे: नट आणि वॉशर वेगळे विकत मिळतात. फक्त रॉडची जाडी बघून घ्या. काही रॉड २५ मिलिमीटरचे असतात, काही २८ चे. एकाचा नट दुसऱ्याला चालत नाही.

तोटा म्हणजे वेळ. दोन्ही डंबेलचं वजन बदलायचं तर चार नट काढा आणि लावा. शिवाय रॉडचं टोक बाहेर आलेलं असतं, त्यामुळे बेंच प्रेसच्या आधी डंबेल मांडीवर उभं टेकवलं की ते टोक टोचतं.

२. डायलवाला

डंबेल एका ट्रेमध्ये बसलेलं असतं. टोकाची डायल फिरवली की आतल्या चकत्या फिरतात. प्रत्येक चकतीला ठरावीक ठिकाणी खाचा असतात. आकड्यानुसार काही प्लेट या चकत्यांमध्ये अडकतात आणि बाकीच्या मोकळ्या राहतात. डंबेल उचललं की अडकलेल्या प्लेट सोबत येतात, उरलेल्या ट्रेमध्येच थांबतात. डंबेल ट्रेच्या बाहेर असताना डायल फिरू नये म्हणून आत एक वेगळा खटका असतो.

दिसायला छान, वापरायला एकदम सोपा, आणि एका जोडात दहा-पंधरा जोडांचं काम. पण इथे प्लेट धरून ठेवणारा भाग लहान असतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्यात प्लॅस्टिक असतं. एखादी प्लेट ट्रेमध्ये किंचित तिरकी बसली असेल आणि तुम्ही जोर लावून डायल फिरवलीत, तर नेमका तोच भाग घासतो किंवा तुटतो. वाईट भाग म्हणजे हे सगळं आत घडतं, बाहेरून दिसत नाही. डायलवर आकडा १५ दिसत असतो, पण शेवटची प्लेट अर्धवटच पकडलेली असू शकते.

३. पिनवाला

यात एकात एक बसणाऱ्या चौकटीसारख्या प्लेट असतात आणि मूठ मधोमध. हव्या त्या वजनाच्या पातळीला पिन आडवी सरकवायची. अमेरिकेतला पॉवरब्लॉक हा या प्रकारातला सगळ्यात ओळखीचा ब्रँड. फिरणारे भाग जवळजवळ नसतातच, त्यामुळे बिघडण्यासारखं थोडं असतं. पिन पूर्ण आत गेली आहे की नाही, हे डोळ्यांना सरळ दिसतं. झीज होते ती पिनची आणि ती जिथे सरकते त्या पट्ट्यांची. पिन वाकली तर ती अडकत अडकत आत जाते. तसं झालं की पिन बदलायची, हातोडीने सरळ करत बसायचं नाही.

दिसायला हे डंबेल डब्यासारखं असतं आणि मनगट चौकटीच्या आत जातं. काहींना ते अवघडल्यासारखं वाटतं, म्हणून जमलं तर घेण्याआधी एकदा हातात धरून बघा.

४. मूठ फिरवून वजन बदलणारा

यात डायलऐवजी मूठच फिरवायची. मूठ फिरली की आतून दोन्ही बाजूंना दांडे बाहेर सरकतात आणि प्लेटच्या छिद्रांमधून जातात. नुओबेल हे या प्रकारातलं प्रसिद्ध नाव. आकाराने साध्या डंबेलसारखं दिसतं, हातात छान बसतं. पण सगळी यंत्रणा मुठीच्या पोटात आहे. धूळ, वाळू किंवा खडूची पावडर आत गेली की मूठ जड फिरायला लागते. ती घरी उघडून साफ करणं बहुतेकांना जमण्यासारखं नसतं.

या चारांव्यतिरिक्त परदेशात आयर्नमास्टरच्या क्विक-लॉकसारखे पूर्ण धातूचे, जाड स्क्रूने बंद होणारे प्रकारही आहेत. ते डायलपेक्षा हळू आणि साध्या नटपेक्षा जलद बदलतात. एकूण पाहिलं तर वेग आणि टिकाऊपणा हे सहसा उलट्या दिशेने चालतात. वजन जितकं पटकन बदलतं, तितके आतले भाग बारीक आणि जास्त.

३८ लाख डंबेल परत का बोलवावे लागले?

लॉकचा प्रश्न फक्त स्वस्तातल्या मालाचा आहे असं वाटत असेल, तर २०२५ सालचं हे उदाहरण बघा.

बोफ्लेक्स सिलेक्टटेक ५५२ हे डायलवाल्या डंबेलमधलं जगभरात गाजलेलं मॉडेल. ५ ते ५२.५ पाउंड, म्हणजे साधारण २.३ ते २३.८ किलो, एकाच डंबेलमध्ये. त्याचा मोठा भाऊ १०९० हा ९० पाउंडांपर्यंत, म्हणजे जवळपास ४१ किलोपर्यंत जातो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने या दोन मॉडेलचे सुमारे ३८ लाख डंबेल परत बोलवण्याची घोषणा केली. कारण एका ओळीचं होतं: वापरताना प्लेट मुठीपासून सुटून पडू शकतात. प्लेट सुटल्याच्या ३०० हून जास्त तक्रारी आल्या होत्या आणि त्यांपैकी १११ प्रकरणांत माणसांना इजा झाली होती. डोक्याला मार लागणं, पायाची बोटं मोडणं, खरचटणं, मुका मार अशा त्या इजा होत्या.

यातून आपल्याला घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली: ही मॉडेल २००४ पासून विकली जात होती. म्हणजे “इतकी वर्षं लोक वापरतात, काही झालं नाही” हा टिकाऊपणाचा पुरेसा पुरावा होत नाही.

दुसरी: तक्रारींचा आकडा विकलेल्या मालाच्या मानाने खूप छोटा आहे. म्हणून डायलवाले सगळे डंबेल धोकादायक असा अर्थ काढू नका. पण तुमच्या हातातला जोड त्या थोड्यांपैकी आहे की नाही, हे आधी कळत नाही. त्यामुळे तपासणी करावीच लागते.

तिसरी: मूळ कंपनीने मार्च २०२४ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता आणि त्यानंतर हा ब्रँड जॉन्सन हेल्थ टेककडे गेला. म्हणजे वॉरंटी कितीही वर्षांची लिहिलेली असो, ती देणारी कंपनी तेवढी वर्षं जागेवर असेलच असं नाही. ज्या डंबेलचा सुटा भाग दुसरीकडे मिळूच शकत नाही, त्याच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

डंबेल खाली टाकलं तर नेमकं काय होतं?

जिममध्ये सेट संपला की डंबेल टाकायची सवय अनेकांना लागते. तिथले एकसंध रबरी डंबेल ते सहन करतात. अ‍ॅडजस्टेबल डंबेलचं तसं नाही.

गणित सोपं आहे. २० किलोचं डंबेल अर्ध्या मीटरवरून पडलं आणि फरशीवर ५ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्या क्षणी लागणारं सरासरी बल त्याच्या वजनाच्या सुमारे १०० पट असतं. म्हणजे २,००० किलोचा भार, क्षणभरासाठी. तेच डंबेल गादीवर पडून ५ सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर बल सुमारे १० पटच राहतं. वजन तेच, उंची तीच. फरक फक्त किती अंतरात थांबलं याचा.

हा भार प्लेटवर आला तर प्लेटला काही होत नाही. पण डंबेल सहसा तिरकं पडतं, आधी एकाच टोकावर. मग सगळा झटका त्या टोकाच्या लॉकमधून मुठीकडे जातो. नटवाल्यात फार तर आट्यांना मार बसतो. डायलवाल्यात आतली चकती किंवा प्लेटचा कान तडकू शकतो. बहुतेक वॉरंटी कार्डांवर खाली टाकल्याने झालेलं नुकसान धरलं जात नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्याचं कारण हेच.

टाकण्याइतकेच त्रासदायक असे आणखी तीन प्रकार आहेत, जे आपल्याला चुकीचे वाटतच नाहीत.

गॉब्लेट स्क्वॉट किंवा डोक्यामागचं ट्रायसेप्स एक्स्टेन्शन करताना डंबेल उभं धरून वरच्या प्लेटवर तळवे ठेवणं. यात मुठीवर पकड नसते. खालच्या बाजूचं सगळं वजन वरच्या लॉकला लटकतं.

डंबेलवर हात ठेवून पुश-अप मारणं. लॉकवर त्याच्यासाठी न बनवलेलं अंगाचं वजन येतं.

सेटच्या शेवटी दोन डंबेल एकमेकांवर आपटणं. चेस्ट प्रेसमध्ये वर गेल्यावर हा टण्ण आवाज बऱ्याच जणांना आवडतो. लॉकला आवडत नाही.

नटवाला डंबेल असेल आणि नट नीट आवळलेले असतील तर पहिला प्रकार चालून जातो. डायल, पिन आणि फिरत्या मुठीच्या डंबेलमध्ये तिन्ही टाळा.

घाम, पावसाळा आणि बाल्कनी

टिकण्याच्या बाबतीत आपल्याकडचं हवामान हा वेगळा विषय आहे. कोकण, मुंबई, गोवा या पट्ट्यात हवेत दमटपणा आणि खारेपणा दोन्ही. जून ते सप्टेंबर लोखंडाला सुट्टीच नसते. त्यात घाम म्हणजे मिठाचं पाणी. मुठीवरच्या खरबरीत नक्षीत घाम साचतो, वरचा क्रोमचा थर बारीक ठिकाणी फुटतो आणि तिथून गंज सुरू होतो.

विदर्भ-मराठवाड्यात त्रास वेगळा: धूळ आणि ऊन. बाल्कनीत किंवा गच्चीवर ठेवलेल्या सेटचं प्लॅस्टिक आणि पीव्हीसी उन्हाने कडक होतं, मग छोट्या धक्क्यालाही चिरतं.

त्यामुळे कुठेही राहत असा, हे नियम ठेवा. डंबेल घरात, जमिनीपासून थोडं उंच, भिंतीला न चिकटवता ठेवा. व्यायाम झाल्यावर मूठ कोरड्या फडक्याने पुसा. अर्धा मिनिट लागतो. ट्रे महिन्यातून एकदा रिकामा करून पुसा, कारण प्लेटच्या खाली ओल साचून राहते. नटवाल्याच्या आट्यांवर जुन्या टूथब्रशने साफसफाई करून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा आणि जास्तीचं पुसून टाका. रबरी वॉशरला आणि मुठीला मात्र तेल लागू देऊ नका, नाहीतर घट्ट राहायच्या जागाच निसरड्या होतील. डायलच्या आत स्वतःच्या मनाने तेल सोडू नका. तेलावर धूळ चिकटते आणि यंत्रणा उलट जास्त जाम होते.

प्लेट कशाची आहे?

लॉकनंतर दुसऱ्या नंबरचा मुद्दा.

पीव्हीसी प्लेट: बाहेर प्लॅस्टिकचं कवच, आत सिमेंट किंवा तत्सम भरण. सगळ्यात स्वस्त. कवच भोकाजवळ किंवा शिवणीवर चिरलं की आतली भुकटी गळायला लागते. वजन कमी होतं आणि दोन बाजूंचा तोल बिघडतो. शिवाय ही प्लेट जाड असते, त्यामुळे रॉडवर कमी वजन मावतं आणि नटाला धरायला आटे थोडे उरतात.

बीडाची प्लेट: ओतीव लोखंड. रंग उडतो, गंज येतो, पण घासून पुन्हा रंगवली की पुढची दहा वर्षं चालते. फरशीवर जोरात आपटली तर तडकू शकते, कारण बीड ठिसूळ असतं.

रबर चढवलेली लोखंडी प्लेट: आवाज कमी, फरशीला धक्का कमी, गंज कमी. सुरुवातीचे काही आठवडे वास येतो. किंमत जास्त, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मानवणारा प्रकार.

एक गोष्ट लक्षात ठेवा: लोखंडाला भंगारातसुद्धा भाव मिळतो. फुटलेल्या पीव्हीसी प्लेटला कोणी हात लावत नाही.

मोबाइलने तपासणी कशी करायची?

हा भाग मी स्वतः दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो. दहा मिनिटं पुरतात.

पहिल्या दिवसाचा व्हिडिओ. सेट घरी आला की लगेच २०-३० सेकंदांचा व्हिडिओ काढा. डंबेल गादीच्या वर अगदी कमी उंचीवर धरा, हलकं हलवा, आवाज रेकॉर्ड होऊ द्या. थोडी खडखड काही डायलवाल्या मॉडेलमध्ये नव्यानेही असते. ती किती होती याची नोंद तुमच्याकडे असली, तर दोन वर्षांनी “आधीपासूनच असं होतं का?” हा प्रश्न पडत नाही.

स्लो मोशन. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वजनावर तोच व्हिडिओ स्लो मोशनमध्ये काढा. प्लेट मुठीच्या मागून उशिरा हलताना दिसली, म्हणजे मूठ थांबल्यावरही प्लेट झुलत राहिली, तर लॉक सैल होतंय. साध्या डोळ्यांना हे दिसत नाही.

टॉर्च आणि क्लोज-अप फोटो. रिकाम्या मुठीच्या टोकाचे, चकत्यांच्या खाचांचे आणि प्लेटच्या कानांचे फोटो काढा. फोनमध्ये डंबेल नावाचा वेगळा अल्बम करा. पांढरट रेघ दिसली तर प्लॅस्टिकवर ताण आलाय. कोपरे गोल झाले असतील तर झीज सुरू आहे. गेल्या महिन्याच्या फोटोशी तुलना करा.

वजन मोजा. बॅग मोजायचा लटकता डिजिटल काटा असेल तर प्रत्येक मोठ्या सेटिंगला डंबेल त्याला अडकवून बघा. काटा अंथरुणावर अगदी कमी उंचीवर धरा. डायलवर २० आणि काट्यावर १८ आलं, तर एक प्लेट मागे राहिलीये. दोन्ही डंबेलचं वजन सारखं आहे का, हेही कळतं.

कागदपत्रं. बिल, सिरीयल नंबर, मॉडेल नंबर आणि वॉरंटी कार्ड यांचे फोटो त्याच अल्बममध्ये ठेवा. थर्मल पेपरवरचं बिल वर्षभरात पुसट होतं.

दर सेटच्या आधी १० सेकंद

मासिक तपासणीपेक्षा ही सवय जास्त महत्त्वाची.

डायल आकड्यावर बरोबर थांबली आहे ना, दोन आकड्यांच्या मध्ये नाही ना, हे बघा. दोन्ही टोकांना वेगळ्या डायल असतील तर दोन्ही बघा. पिन पूर्ण आत आहे ना, ते बघा. नट हाताने एकदा आवळा. मग डंबेल ट्रेपासून चार बोटं वर उचला आणि हलकेच हलवा. प्लेट सुटायची असेल तर ती इथे सुटू दे, चेहऱ्यावर नको. डायल जड फिरत असेल तर जोर लावू नका. डंबेल उचलून ट्रेमधल्या प्लेट सरळ करा आणि पुन्हा बसवा.

लॉकबद्दल थोडी जरी शंका असेल तर त्या दिवशी चेस्ट प्रेस, शोल्डर प्रेस आणि डोक्यावरचे सगळे व्यायाम सोडून द्या. आणि लहान भाऊ-बहीण किंवा भाचरं घरात असतील तर डंबेल जमिनीवर मोकळं सोडू नका. त्यांना डायल फिरवायला मजा येते.

स्मार्ट डंबेल: आयुष्य कोणाच्या हातात?

अ‍ॅपला जोडणारे, रेप मोजणारे, अगदी बोलून वजन बदलणारे डंबेलही आता निघाले आहेत. नॉर्डिकट्रॅकचे आयसिलेक्ट डंबेल अलेक्साला सांगून वजन बदलतात. गंमत आहे यात शंका नाही. पण आपण फोनच्या बाबतीत पाहतोच: हार्डवेअर ठणठणीत असतं आणि अपडेट बंद होतात. घेण्याआधी एकच विचारा: अ‍ॅप, इंटरनेट आणि वीज नसताना या डंबेलचं वजन हाताने बदलता येतं का? उत्तर स्पष्ट हो असं नसेल, तर डंबेलचं आयुष्य सॉफ्टवेअरइतकंच आहे असं समजा. रेप मोजायला तुमच्याकडे फोन आधीच आहे.

सेकंड हँड घेताना

नटवाला सेट सेकंड हँड घ्यायला हरकत नाही. रॉड सरळ आहे का, आटे शाबूत आहेत का, नट शेवटपर्यंत हाताने फिरतो का, एवढं बघा. वॉशर नवे टाका.

डायलवाला किंवा फिरत्या मुठीचा असेल तर प्रत्येक वजनाला एकदा उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळी वजनं, दोन्ही डंबेल. कोपऱ्यांवर आपटल्याच्या खुणा, ट्रेला तडे, चिकटवलेलं प्लॅस्टिक दिसलं तर सरळ नाही म्हणा. मॉडेलचं नाव आणि “रिकॉल” हा शब्द टाकून सर्च करा. वर सांगितलेली बोफ्लेक्सची मॉडेल जुन्या बाजारात फिरत असू शकतात.

नवीन मालात दोष निघाला तर विक्रेत्याला आधी लेखी कळवा, फोटो-व्हिडिओ जोडा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादक आणि विक्रेत्याच्या जबाबदारीबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे. तुमचा तो फोटोंचा अल्बम इथेच कामाला येतो.

मग तुमच्यासाठी कोणता?

हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहता, बजेट कमी, दोन-तीन वर्षांत घर बदलणार: लोखंडी प्लेटचा नटवाला सेट. रॉड आणि नट बदलत राहाल, प्लेट तुमच्यासोबत कायम राहतील. वजन वाढवायचं असेल तर फक्त प्लेट घ्याव्या लागतात.

जागा कमी, वेळ कमी, बजेट बरं आणि हळू ठेवायची सवय आहे: डायलवाला चालेल. पण सुटे भाग आणि सर्व्हिस भारतात मिळते का, हे आधी विचारा. फोन करून विचारा, चॅटबॉटच्या उत्तरावर जाऊ नका.

घरात तीन-चार जण वापरणार, कोण कसं ठेवेल याचा भरवसा नाही: पिनवाला किंवा नटवाला. जिथे लॉक लागलंय की नाही हे डोळ्यांना दिसतं, तिथे नवीन माणसाकडूनही गडबड कमी होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅडजस्टेबल डंबेल साधारण किती वर्षं टिकतं? एकच आकडा सांगता येत नाही. लोखंडी नटवाला सेट नट आणि वॉशर बदलत राहिलात तर दशकांनी मोजावा लागेल. डायलवाला कसा वापरला आणि सुटा भाग मिळाला की नाही, यावर ठरतो.

खडखड आवाज येतो म्हणजे खराब झालं का? नव्याइतकाच असेल तर नाही. आवाज वाढत असेल किंवा एकाच बाजूने येत असेल तर वापर थांबवून तपासा.

तुटलेला प्लॅस्टिकचा भाग फेव्हिक्विकने चिकटवला तर? नको. ट्रे चिकटवा हवं तर. वजन धरणारा भाग कधीच नाही.

खाली मॅट टाकली की डंबेल टाकायला चालेल? मॅट फरशी वाचवते आणि झटका थोडा कमी करते. पातळ योगा मॅटने तर काहीच फरक पडत नाही. हातातून हळू खाली ठेवणं हाच उपाय, आणि तो फुकट आहे.